शलाका पाटावरून उठली नाही, त्याबद्दल

तीर्थरूप दादासाहेबांच्या सेवेशी,
धाकटी बहीण कांचन हिचा वासण्याहून साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? खोकला गेला असं धरून चालते, कारण गेला नसेल तर तुम्ही सांगणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तुम्ही तुळशीला घालता, हे मला तुमच्या शेजाऱ्यांकडून कळलं आहे. तुळस कशी आहे तेही कळवावं. इकडे मी ठीक, म्हणजे रक्तदाब आहे, साखर आहे आणि सोसायटीला लिफ्ट नाही (आहे, पण चालत नाही, म्हणजे नाहीच). फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर शलाकाचं नाव निघालं की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता आणि ठेवता. पत्र ठेवलं तरी टेबलावर पडून राहतं. शिवाय आलेला कागद वाचल्याशिवाय तुम्ही टाकत नाही, वीजबिलाच्या पाठीमागचा मजकूरसुद्धा वाचता, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

तर मुद्दा असा. रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुमच्या मुलीचा सत्कार केला. त्याची जी बातमी एव्हाना तुमच्याकडे डभोईला पोचली असेल, ती खोटी आहे. बातमी अशी की संपतरावांची शलाका भर सत्कारात पाटावर रुसून बसली आणि वडील आल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. ती असं काही म्हणाली नाही. ती तुमची मुलगी आहे, ती काहीच म्हणत नाही. काय घडलं ते मी क्रमाने लिहिते. मध्येच उठून अंगणात जाऊ नका.

सत्कारात वाचायचा तिचा परिचय मी लिहिला, कारण मंडळाचे अध्यक्ष फत्तेसिंहराव तो स्वतः लिहिणार होते. (तुमच्याच वर्गातले. नकाशा उलटा टांगल्याबद्दल ज्यांना बाहेर उभं केलं होतं, ते.) तोच इथे विशेषणं वगळून उतरवते. तुम्हाला तुमच्याच मुलीची माहिती द्यावी लागते हे विचित्र आहे, पण दोन वर्षांत तुम्ही ती घेतलेली नाही. (खेळाचं पान तुम्ही रद्दीत देत नाही असं ऐकते, पण ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही.) रेल्वेत तिला खेळाडू म्हणून नोकरी लागली, तेव्हा मकरपुऱ्यात तुमच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून तुम्ही पेढे वाटलेत. तीच नोकरी सोडून ती व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला निघाली, तेव्हा पगार सोडणाऱ्याला माझ्या घराचा पत्ता मिळणार नाही असं सांगून डभोईला राहायला गेलात. (पत्ता सगळ्यांना माहीत आहे. हिरा भागोळीच्या वेशीपाशी कुणालाही विचारावं.) त्यानंतर ती दक्षिणेकडच्या एका संघातून लीग खेळू लागली. पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित खेळाडू. त्याच मोसमात एका सामन्यात एकटीचे बत्तीस गुण, एवढे त्या लीगमध्ये आधी कुणी केले नव्हते. बाविसाव्या वर्षी संघाची कर्णधार, तीही तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकांची, ज्यांतल्या दोघींना मुलं आहेत आणि ज्या तिचं ऐकतात. मध्ये एक हिवाळा युरोपातल्या एका क्लबने तिला नेलं. तिथे तिला ‘श्लाका’ म्हणत आणि तिने बास्केट केली की अख्खं मैदान ते नाव ओरडे. भारताच्या संघात दोनदा निवड. आणि यंदा, अंतिम सामन्यात संघ हरत आलेला असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये तिने तो ओढून काढला. संघाला चषक, आणि अंतिम सामन्याची सर्वोत्तम खेळाडू शलाका. वय वर्षे तेवीस. तुम्हाला निवृत्त होताना कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. परिचयात जागा उरली असती तर शेवटी तेही घातलं असतं.

तो सामना संपल्यावर ती ‘सुट्टी आहे’ म्हणून माझ्याकडे आली. तिचं येणं म्हणजे घरातल्या सामानाची फेरमांडणी. सहा फूट एक इंच उंची (ती तुमच्याकडून आलेली नाही, तुमच्याकडून फक्त ताठपणा आला), त्यामुळे पलंगाच्या पायथ्याशी स्टूल लावावं लागतं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या कपाळाचा तेलकट डाग आहे, तो मी पुसत नाही कारण पुन्हा पडतोच. या खेपेस मात्र तिचं वागणं निराळं होतं. जमिनीवर जेवायला बसेना. हातातला चमचा पडला तर तिथेच राहू देई. जिना कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत चढे. समोरच्या गुजराती बेनने विचारलं, छोकरी थाकी गई के? मी म्हटलं थकली नाही, मोठी झाली. मग तिलाही सुनावलं की नाव झालं म्हणून माणसाने वाकायचं सोडू नये. ती लगेच ‘हो आत्या’ म्हणाली. एरवी ती एवढ्या लवकर माझं मान्य करत नाही. मला ते सुधारणेचं लक्षण वाटलं.

आता पाटाविषयी. पराक्रम करून आलेल्याला आपल्यात ओवाळतात. आपली माणसं गायकवाडांच्या फौजेत होती तेव्हापासूनची ही रीत. (जे परत येत नसत त्यांच्यासाठी काय रीत होती, ते आईला विचारायचं राहिलं.) ओवाळायचं तर पाटावर बसवून, हे आलंच, आणि इथे तर दुसरा इलाजही नव्हता. महिला शाखेच्या कमळाबाई टाचा उंचावूनही शलाकाच्या खांद्याला लागत नाहीत. उभ्यानेच ओवाळलं असतं तर निरांजन तिच्या कमरेभोवती फिरलं असतं. पाटापुढे कमळाबाईंनी रांगोळीचा मोर काढला होता, पहाटेपासून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या मोराची वाट सोडून चालायला लावत होत्या. शलाकाने विचारलं, मी खुर्चीवर बसले तर चालेल का? कमळाबाई म्हणाल्या, “खुर्चीवर आजारी माणसं बसतात गं. तू वाघीण, तू खाली बस.” शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच पाट दाखवला. तिने एक पाय लांब पुढे सोडला आणि झाड तोडून दोरांनी हळूहळू उतरवतात तशी ती खाली आली. पुढे सोडलेला पाय मोरावर गेला. पिसारा गेला, मान तेवढी उरली. कमळाबाईंनी त्या मानेकडे बघत बघतच ओवाळलं, त्यामुळे कुंकू शलाकाच्या नाकावर लागलं.

मग फत्तेसिंहराव बोलायला उभे राहिले. माझं एक पान त्यांच्या हातात होतं, पण आधी त्यांनी मनातलं सांगितलं. खेळाचं नाव ते शेवटपर्यंत व्हॉलीबॉल असं घेत होते आणि मी समोरच्या रांगेतून तीनदा दुरुस्त केल्यावर म्हणाले, “कांचनताई, चेंडू तोच असतो ना?” आपले पणजोबा घोडदळात होते, म्हणून शलाकाची उडी घोड्यांकडून आली असावी, असाही विचार त्यांनी मांडला. लोकांना तो पटलेला दिसला. त्यानंतर त्यांनी माझं पान वाचलं आणि खरं सांगते दादा, वाईट वाचलं नाही. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. पोरगी पाटावर मान खाली घालून बसली होती. अंतिम सामन्याचं वाक्य आलं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. फत्तेसिंहराव म्हणाले, ऊठ बेटा, शाल घे. सगळे उभे होते आणि एकटी तीच बसलेली राहिली.

आधी वाटलं, भारावली. टाळ्या आणखी वाढल्या. मग वाटलं, नमस्कार करते आहे. मग टाळ्या थांबल्या आणि बायकांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. कमळाबाई सगळ्यांना ऐकू येईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, “रुसली पोर. एवढा मान होतोय आणि बाप डभोईत बसलाय. त्यांना आणल्याशिवाय नाही उठायची ती.” यावर दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला आणि उरलेल्यांनी तुम्हाला फोन लावले. तुमचा फोन बंद होता. (दुपारी झोपताना तुम्ही तो बंद करता हे ठीक आहे, पण त्या दिवशी झोपायला नको होतं.) मी पुढे गेले आणि कडक शब्दांत सांगायला खाली वाकले, की हे तमाशे आपल्या घरात चालत नाहीत. तिचा चेहरा घामाने निथळत होता. ती माझ्या कानात म्हणाली, “आत्या, गुडघा गेलाय. त्या फायनललाच गेला. मला उठता येत नाहीये. कुणाला सांगू नकोस.”

ज्या गोष्टीसाठी हॉल उभा होता, तिच्यातच तिचा गुडघा गेला होता. शेवटचा क्वार्टर ती त्याच पायावर खेळली.

मी सांगितलं नाही. तिला उठवणं मात्र भाग होतं. मी धरून पाहिलं, ती हलली नाही. शेवटी फत्तेसिंहराव आणि माईकवाला यांनी तिला काखांत हात घालून प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवली आणि खुर्चीसकट बाहेर काढली. अंगावर शाल, मांडीत नारळ, गळ्यात हार, नाकावर कुंकू. पोरं मागे मोबाइल धरून चालत होती आणि कुणीतरी ताटातली उरलेली फुलं टाकली. सूरसागर तलावाकडे गणपती नेतात तशी तिची यात्रा निघाली, फक्त पुढच्या वर्षी लवकर या असं कुणी म्हणालं नाही.

इस्पितळात सांगितलं ते असं. गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटला आहे. शस्त्रक्रिया करायची, पुढे वर्षभर व्यायाम. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, पुन्हा खेळेल का? भले माणूस आहेत. ‘रमशे तो खरी, पण पहेलां जेवुं...’ म्हणाले आणि पंख्याकडे बघत बसले. खेळेल खरी, पण पूर्वीसारखं की नाही ते पंखाच जाणे. ती हे सगळं लपवत होती कारण संघाशी पुढचा करार व्हायचा होता आणि तो होईपर्यंत पाय धड असल्याचं दाखवायचं होतं. खुर्चीतल्या मिरवणुकीचा व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून कुठे कुठे गेला. सोमवारी संघाच्या व्यवस्थापकांनी तिला मनापासून शुभेच्छा पाठवल्या. माणसं एवढ्या मनापासून शुभेच्छा देऊ लागली की समजावं, करार येत नाही.

तेव्हापासून ती खिडकीशी पाय लांब करून बसते. रडत नाही. रडली असती तर मला काही बोलता आलं असतं. वहिनी गेल्या तेव्हाही ती अशीच बसली होती, आणि तेव्हा तुम्ही तिला गच्चीवर नेऊन तिच्या हातात चेंडू दिला होता. आता ते औषध चालणार नाही.

एवढंच कळवायचं होतं. रुसण्याची बातमी खोटी आहे हे तुम्ही चार लोकांना सांगावं, म्हणजे कमळाबाईंना आळा बसेल. तुम्ही इकडे यावं असं मी सुचवत नाही. तब्येतीला जपावं.

तुमची,
कांचन

ता. क. शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी आहे. सही ती स्वतः करणार आहे, सज्ञान आहे. पण नंतर तिला पलंगावरून उठवायला धड माणूस हवं, आणि मी पाच फुटांची बाई आहे. तुम्ही यावं असं मी सुचवत नाही, हे वर लिहिलं ते खरं. सुचवत नाही, आग्रहाने सांगते आहे.

आणखी एक. तुम्हाला कळवू नकोस असं तिने मला बजावलं आहे. कळलं की तुम्ही ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणाल, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की ते असं म्हणणार नाहीत. तुम्हाला न विचारता सांगितलं. माझ्या शब्दावर ती सहसा विश्वास ठेवते, तेव्हा आल्यावर नोकरी, पगार, रेल्वे यांतलं काहीही काढायचं नाही. हवापाण्यावर बोला. येत नसेल तर गप्प बसा, ते तुम्हाला येतं.

हे शेवटचं, पाकीट चिकटवण्याआधी. रुसण्याची बातमी साफ खोटी आहे असं मी वर लिहिलं, त्यात थोडी दुरुस्ती. रविवारी इस्पितळातून रिक्षाने परत येताना तिने मांडीतला नारळ माझ्याकडे दिला. मग म्हणाली, “आत्या, मी खरंच तशीच बसून राहिले असते, तर बाबा आले असते?” मी म्हटलं, आले असते, पण डभोईची बस धरून म्हणजे संध्याकाळ झाली असती. ती म्हणाली, मी बसले असते.