बाबांच्या नावावर नोंदलेला माझा श्वास

सतराव्या वर्षी मी बाबांच्या जागी नळीत फुंकलं नसतं, तर त्यांची छाती आज बरी असती का? याचं उत्तर मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते मी, वय सव्वीस, आमच्या घरातली पहिली पदवीधर, दगड पॉलिश करणाऱ्या कारखान्यातली आरोग्य व सुरक्षा पर्यवेक्षक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय या मृत्युपत्रात लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. "अगं, काय अभद्र लिहीत बसलीस!" असं आई म्हणाली. पण नव्या नियमानुसार सगळ्या कामगारांकडून वारसाचे अर्ज मीच भरून घेतले. स्वतःचा कागद कोरा ठेवणं मला शोभत नाही.

१. बँकेतली माझी बचत बाबांना. त्यातून प्राणवायूचं यंत्र घ्यावं, धाकटीच्या लग्नासाठी राखून ठेवू नये. हे वाक्य धाकटीनेच घालायला लावलं आहे.

२. सायकल आणि कामगार कायद्याची पुस्तकं धाकट्या बहिणीला. समासातल्या माझ्या शेऱ्यांना तिने हसू नये.

३. पदवीची चौकट आईकडेच राहील. तसंही ती मला हात लावू देत नाही.

४. आता बाबांच्या छातीविषयी. शपथपत्रं फायलींत हरवतात, म्हणून इथेही लिहून ठेवते.

बाबा याच कारखान्यात कामाला होते. तिथे दरवर्षी फुप्फुसांची चाचणी होई. जो नापास होई, त्याला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवत. तपासणारा माणूस धुळीला भिऊन यंत्रासकट पडद्याआड बसे. बाहेर यायची ती फक्त नळी. त्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. शाळेत मी धावण्यात पहिली यायची, हे मुकादमकाकांना माहीत होतं. त्यांनी बाबांना बाजूला केलं आणि मला पुढे ढकललं. "हळू गं, यंत्र फोडशील!" ते कुजबुजले. पडद्याआडून आवाज आला, "वा! या वयात काय दम आहे!" बाबा खोकला दाबत हसले. पुढची चार वर्षं मी बाबांसाठी आणि काकांसाठी फुंकलं. त्याच पगारावर मी शिकले. मला पदवी मिळाली तशी दोघांनीही कामं सोडली.

यंदा कायदा बदलला. दगडाच्या धुळीने होणारा आजार आता कामावरची इजा मानला जातो. भरपाई मालकाने द्यायची. चाचणीत नापास झालेल्याला काढायचं नाही, बिनधुळीचं काम द्यायचं. दगड कापताना पाणी सोडायचं. हे नियम मी माझ्या हाताने भिंतीवर लावले, तेव्हा माझी मान ताठ होती. बाबांचा दावा मात्र फेटाळला गेला. नोंदवहीत त्यांची फुप्फुसं उत्तम आहेत.

ती फुप्फुसं माझी आहेत.

"खरं सांगशील तर नोकरी जाईल तुझी," बाबा म्हणाले.

"जाऊ दे."

"एवढी शिकलीस ती यासाठी?"

"यासाठीच, बाबा."

मुकादमकाका दारातून म्हणाले, "माझंही नाव घाल गं पोरी. मला आता कोण काढतंय?"

५. पडद्याआडच्या त्या माणसाला माझा जादाचा मास्क द्यावा, म्हणजे त्याला बाहेर येऊन माणसं बघता येतील. यापलीकडे माझा कोणावर राग नाही.

६. आज सकाळी मी कामगार कार्यालयात शपथपत्र दिलं: त्या नोंदी खोट्या आहेत, तो श्वास माझा होता, दोघांची चाचणी नव्याने घ्यावी. त्याची प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्या सहीची पोच घेऊन घरी आले.

सही: मुलगी, बहीण, पर्यवेक्षक (आजपर्यंत तरी)

साक्षीदार: १. मुकादमकाका २. शेजारच्या नर्सताई
(ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून बाबांची सही नाही. ते रुसले आहेत.)

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: नवा कायदा लागू झाल्याचा एकेचाळिसावा दिवस