झाकणाचं लोकार्पण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७

ठरलं. आता आपणच हातात घ्यायचं.

कोपऱ्यावरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण वाळूच्या हायवा ट्रकनं फोडलं, त्याला आज नऊ दिवस झाले. अख्खी गल्ली बघते, पाय वाचवून पलीकडं जाते. कुणाला काही म्हणून काही वाटत नाही. चेंबर बरोबर पारूबाईंच्या फाटकासमोर. बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या, डोळ्यांना कमी दिसतं आणि रोज अंधारात दूध आणायला स्वतः जातात. त्या पडल्या तर?

मी वाळूजला कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढली. एकही अपघात नाही. (एकाचं बोट गेलं होतं, पण त्या दिवशी मी रजेवर होतो.) असा माणूस गल्लीत रिटायर होऊन बसलाय आणि गल्ली त्याचा उपयोग करून घेत नाही, याला काय म्हणावं?

संकल्प : मे महिन्याच्या आत झाकण. प्रशासन आणि नागरिक, दोघांनी हातात हात घालून.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी ८

नागरी सहकार्य व सुरक्षा समितीची स्थापना. बावीस घरांना निरोप दिला होता. हजर : मी, पारूबाई, शेजारचा सखाराम. सखाराम खरं तर आमची शिडी न्यायला आला होता, पण आला तर खरा. अध्यक्षपदी माझी एकमतानं निवड. सखारामनं विचारलं, दुसरं कोण उभं होतं? मी म्हणालो, म्हणूनच एकमत. त्याला शिडी दिली.

पारूबाई एवढंच म्हणाल्या की भाऊ, तेवढं झाकण बघा. त्यांना प्रोसिजर समजावून सांगितली. झोप लागली त्यांना.

५ फेब्रुवारी. दुपारी २

वॉर्ड ऑफिसला गेलो. अर्ज चार प्रतींत, फोटो, नकाशा, समितीचा नवा शिक्का. ‘साहेब जागेवर नाहीत’ म्हणतील, ‘उद्या या’ म्हणतील, अशी सगळी तयारी. त्यावर काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं.

ज्युनिअर इंजिनिअर सायली मॅडम. असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या. अर्ज दोन मिनिटांत वाचला, मोबाईलवर फोटो काढला, म्हणाल्या, करून देते काका.

संपलं. पाठ केलेलं सगळं वाया गेलं. चहासुद्धा विचारला. अशा वागण्यानंच लोकांचा प्रशासनावर विश्वास राहात नाही. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

६ फेब्रुवारी

आज पाण्याचा दिवस. आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळ. त्या दिवशी इथं कुणी कुणाचा नसतो. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलात तरी माणूस हातात पाइप धरून बोलतो. समितीचं काम बंद.

७ फेब्रुवारी. सकाळी ९

लढ्याचा आराखडा. पहिला महिना : स्मरणपत्रं. दुसरा : माहितीचा अधिकार. तिसरा : एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण, सकाळी दहा ते पाच, मध्ये माझ्या शुगरसाठी बिस्किटं.

बायकोला, रत्नमालाला, आराखडा वाचून दाखवला. ती म्हणाली, दळण आणायचंय.

८ फेब्रुवारी. दुपारी १

घात झाला. झाकण आलं.

अकरा वाजता फाटकात टेम्पो. महापालिकेचा फकिरा, तोच आमच्याकडं पाणी सोडतो आणि पडेल ते कामही करतो. बरोबर तिघं जण आणि सिमेंटची गोणी. म्हणाला, काका, कोपरे पे बिठा देते, दस मिनिट का काम है.

दहा मिनिटं! तीन महिन्यांचा आराखडा माझ्या खिशात, आणि हा बाबा दहा मिनिटांत उरकायला निघाला. मी आडवा आलो. म्हटलं, नागरिकांच्या सहभागाशिवाय काम करायचं नाही. अधिकारी पाहिजेत, रहिवासी पाहिजेत, चार शब्द पाहिजेत. नाहीतर उद्या गल्लीला कळणारसुद्धा नाही की झाकण कुणी आणलं. झाकण आमच्या पोर्चमध्ये उतरवून घेतलं. फकिरानं पावतीबुक पुढं केलं. त्यावर पूर्ण नाव, पद आणि शिक्का : रामकिसन, अध्यक्ष, नागरी सहकार्य व सुरक्षा समिती. ‘झाकण एक नग, सुस्थितीत ताब्यात घेतलं.’ सही सुरेख आली.

रत्नमालानं विचारलं, झाकण घरात कशाला? मी म्हटलं, लोकार्पण आहे. ती झाडू घेऊन झाकणाभोवतीची माती झाडायला लागली.

१० फेब्रुवारी

सायली मॅडमना फोन. वॉर्ड अधिकारी साहेबांच्या हस्ते व्हावं, अशी समितीची तीव्र इच्छा. त्या म्हणाल्या, काका, बसवून घ्या ना, मला फोटो टाकून तक्रार बंद करायची आहे. मी म्हणालो, मॅडम, तक्रार बंद करणं सोपं असतं, नातं जोडणं अवघड असतं. त्या म्हणाल्या, साहेबांना विचारते. प्रभाव पडला. तारीख मिळाली : शुक्रवार, १४.

दरम्यान चेंबरची अंतरिम सुरक्षा केली. बांबूला लाल फडकं, भोवती रिबन आणि पाटी : ‘सावधान! समितीच्या लेखी परवानगीशिवाय या कामास हात लावू नये.’ कंपनीत असताना अशा पाट्या मी तीनशे लावल्या असतील.

१२ फेब्रुवारी. दुपारी ४

१४ तारीख म्हणजे पाण्याचा दिवस! माझ्या कसं लक्षात आलं नाही? साहेब येतील, नारळ फुटेल आणि टाळ्या वाजवायला एक माणूस मिळायचा नाही, सगळे मोटारी लावून गच्चीवर. स्वतः फोन करून कार्यक्रम पुढं ढकलला. मॅडम म्हणाल्या, साहेब तर येतो म्हणाले होते. म्हटलं, साहेबांचा मान राहिला पाहिजे.

मीच अडवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून इथं नोंद करून ठेवतो.

१५ फेब्रुवारी. सकाळी ७.३०

सध्या चहा रोज अर्धा तास उशिरा. रत्नमाला सव्वासहाला पारूबाईंबरोबर बाहेर पडते ती पावणेसातला येते. बायकांना फिरायला वेळ आहे, गल्लीच्या कामाला नाही. बोललो तर म्हणाली, चहा टाकायला तुमच्या समितीची परवानगी लागते का?

रिबन शेळीनं खाल्ली.

१७ फेब्रुवारी

साहेब शिवजयंतीच्या बंदोबस्तात. २० नंतर बघू, म्हणाले. बघा, आता अडवतंय कोण? प्रशासनच ना?

फकिरा परत येऊन गेला. बाजूच्या गल्लीत काम होतं, थोडं सिमेंट उरलं होतं. लगा दूँ क्या, काका? पाटी वाचायला लावली. गेला बिचारा.

२० फेब्रुवारी. सकाळी ११

सुचलं! इतकी सोपी गोष्ट सुचायला इतके दिवस लागले.

४ मार्च. राष्ट्रीय सुरक्षा दिन. वाळूजच्या प्रत्येक गेटवर त्या दिवशी शपथ होते, बिल्ले लावतात, स्लोगन स्पर्धा होते. मला सात वर्षं सलग बिल्ले मिळाले आहेत. त्याच दिवशी झाकण. याहून मोठा योग कोणता? साहेबांनीही चार तारीख मान्य केली. सायली मॅडम फोनवर म्हणाल्या, अजून बारा दिवस? आणि मग नुसतं ‘बरं’ म्हणाल्या.

सखारामनं ग्रुपवर टाकलं : ‘झाकण अध्यक्षांच्या घरी सुखरूप आहे. कुणी पडलं तर तिथं जाऊन बघून यावं.’ अठरा जणांनी अंगठे दिले. माझ्या कुठल्याही मेसेजला आजवर तीनच्या वर गेले नव्हते. जागृती होतेय.

२२ फेब्रुवारी

पाण्याचा दिवस. कोपऱ्यावरची टाकी तासभर वाहत होती, त्या घरचे झोपलेले. ‘पाणी वाया घालवणाऱ्यांना नोटीस’ हा विषय पुढच्या बैठकीला.

२४ फेब्रुवारी. दुपारी १२

रत्नमालानं झाकणावर सांडगे वाळत घातले. शासकीय मालमत्तेवर! उचलायला लावले. ती म्हणाली, ऊन तिथंच चांगलं येतं आणि तुमचं झाकण कुठं चाललंय?

पारूबाईंना सांगायला गेलो की पहिला नारळ तुमच्या हस्ते. मला वाटलं, बाई गहिवरतील. त्या म्हणाल्या, “भाऊ, नारळ राहू द्या. मला त्या भोकाचं लई भ्या वाटतं.” मानसन्मानाची सवय नाही त्यांना. शाल घेऊन ठेवली आहे, आकाशी.

२७ फेब्रुवारी

पत्रिका छापून आल्या. फोटो माझा जरा मोठा झाला, झाकणाचा लहान. बावीस घरांत वाटल्या. सखारामनं पत्रिका उलटसुलट बघितली, विचारलं, जेवण आहे का? तो वाळूजला नाइट करून आला होता, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

बांबू गायब. कुणीतरी धुणं वाळत घालायला नेला असणार. ज्यांच्यासाठी मरमर करायची, तेच बांबू पळवतात. दोन दिवसांवर कार्यक्रम, आता नवा कुठं शोधा? एवढ्याशासाठी कुणी पडत नाही. पाटी आहे अजून.

(दुरुस्ती : पाच दिवसांवर. उत्साहात चुकलं.)

१ मार्च. सकाळी १०

भाषण तयार. अकरा मिनिटांचं. सुरुवात : ‘अपघात होत नसतात, ते केले जातात.’ हे वाक्य कंपनीत नेहमी गाजायचं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी रत्नमाला मागून गेली, पण थांबली नाही.

२ मार्च, रविवार. दुपारी ३. हॉस्पिटल

पाणी पाचला आलं. सहापर्यंत सगळ्यांच्या टाक्या भरून वाहायला लागल्या. गल्लीत घोटाभर पाणी. रस्ता कुठं आणि चेंबर कुठं, काही कळत नव्हतं. पाटी पाण्यात पडलेली.

रत्नमाला पारूबाईंना दुधाला घेऊन निघाली होती. पारूबाईंना भिंतीकडून घेतलं आणि स्वतः चेंबरकडच्या बाजूनं चालली. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. घोट्यात दोन ठिकाणी फ्रॅक्चर.

मी आत भाषण म्हणत होतो. ओरडणं ऐकलं. मला वाटलं, कुणाची तरी मोटार जळाली.

सखारामनं तिला उचललं. रात्रपाळीहून येत होता, डबा अजून हातात होता. डबा पाण्यात टाकून दिला त्यानं. पारूबाई रस्त्यातच पाण्यात बसून रडत होत्या, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं म्हणत होत्या. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की तुमच्यामुळं नाही. मी तिथंच उभा होतो. मी नाही सांगितलं.

ॲडमिट करताना नर्सनं विचारलं, कशा पडल्या? रत्नमाला म्हणाली, रोज जातो आम्ही दोघी, आज पाणी होतं. रोज. तीन आठवडे मी याला फिरणं समजत होतो.

३ मार्च. सकाळी ११

कपडे न्यायला घरी आलो. फकिरा आणि ती तिघं माणसं पोर्चमधून झाकण उचलत होती. फाटक उघडंच होतं, मला कुणी विचारलं नाही. मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं लागली. दहासुद्धा नाही.

सायली मॅडम आल्या होत्या. हातात पावतीबुक. ते पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. ८ फेब्रुवारी, सुस्थितीत ताब्यात घेतलं, सही, पद, शिक्का. “ही सही आपलीच ना काका?” मी हो म्हणालो. त्यांनी पान मिटलं. त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. माझ्याकडं उत्तरं असतात. त्यांनी रत्नमालाचा पाय कसा आहे विचारलं आणि गेल्या.

सखाराम कट्ट्यावर बसला होता. त्यानंही टोमणा मारला नाही. म्हणाला, वहिनींना डबा माझ्याकडून येईल, तुम्ही पळा.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. संध्याकाळी ६

कार्यक्रम रद्द. साहेबांना फोन करून कळवलं. त्यांना कार्यक्रम कुठला ते आठवावं लागलं.

रत्नमालाला दुपारी घरी आणलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दीड महिना पाय टेकायचा नाही. दिवसभर मी राजीनामा लिहिला. तीन मसुदे. ‘झाल्या प्रकाराची नैतिक जबाबदारी स्वीकारून’ असं काही होतं, ते खोडून ‘माझी चूक झाली’ असं लिहिलं. मग प्रश्न पडला, अध्यक्षानं राजीनामा द्यायचा कुणाकडं? समितीत दुसरं आहे कोण? शेवटी रत्नमालाच्या हातात दिला. मनात होतं, वाचेल, डोळ्यांत पाणी आणेल, राहू द्या म्हणेल.

तिनं वाचला. पेन मागितला. प्लास्टरवर कागद ठेवून खाली लिहिलं : मंजूर. सही केली, तारीख घातली.

मग म्हणाली, “पारूबाई घाबरल्यात, झाकण लागलं तरी एकट्या दारातून बाहेर पडत नाहीत. उद्यापासून सव्वासहाला तुम्ही जायचं. त्यांच्या उजव्या अंगानं चालायचं, त्या बाजूचं त्यांना काहीच दिसत नाही. हात धरायचा नाही, त्यांना आवडत नाही. आपलं कोपर पुढं करायचं, त्या धरतात. आणि वाटेत बोलायचं नाही, त्यांना पायाखाली लक्ष द्यावं लागतं.”

शेवटचं तिनं दोनदा सांगितलं.

सहाचा गजर लावला.