बान्शानच्या नम्रतेपुढे मी हरलो त्याची हकिगत

शिलाँग, शनिवार

तीर्थरूप मामांना किटबोकचा प्रभूमध्ये सलाम.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आईला सांगा, तिने विणलेला स्वेटर मी इथे रोज घालतो (एकदाच घातला, पण तुम्ही रोज म्हणून सांगा).

पंधरा वर्षं चर्चची मंडळी सांभाळलेल्या पाळकांना पुढारीपणाचे वरचे धडे द्यायचं हे शिबिर. आपल्या डोंगरातून मला एकट्यालाच बोलावलंय या समजुतीत मी नवा कोट घालून आलो, तर फाटकात सोहरा गावचा बान्शान उभा! पाळकीच्या शिक्षणात माझ्याच वर्गातला, आणि जिल्ह्याच्या मुख्य पाळकाच्या जागेसाठी माझ्याबरोबर ज्याचं नाव आहे, तोच. पायात झिजलेले बूट. आल्याआल्या सगळे त्या बुटांवर भाळले. मामा, झिजलेले बूट माझ्याकडेही आहेत, पण ते घरी ठेवून आलो ना!

पहिल्या दिवशी आम्हाला शिकवायला कोहिमाहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "आपापलं सगळ्यात मोठं अपयश सांगा." मी सांगितलं की मी फार कष्ट करतो, विश्रांती घेत नाही. मॅडमनी नुसतीच मान हलवली. मग बान्शान उठला. त्याच्या तापटपणामुळे मंडळीतले सगळे तरुण गायक एका रविवारी उठून गेले आणि तो घरोघरी जाऊन त्यांची माफी मागत फिरला, असं त्याने सांगितलं. निम्मा वर्ग रडला. आता याहून मोठी अपयशं माझ्यापाशी कितीतरी आहेत, पण खरीखुरी सांगायची असतात हे आधी कोणी बोललं का?

म्हणून ठरवलं की सेवेत त्याला मागे टाकायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे झाडू शोधायला गेलो, तर अंगण झाडून बान्शान पान-सुपारी चघळत बसलेला. "ये बाह किट, ये भावा, पान घे," म्हणाला. मी पान घेतलं नाही (नंतर घेतलं). तडक स्वयंपाकघरात गेलो आणि आचारीणबाईंच्या हातातून जादोह-भाताचं पातेलं ओढून घेतलं. "अहो पाळक, डुकराचं मटण आहे त्यात, जड आहे!" त्या ओरडल्या. चाळीस माणसांचा भात जमिनीवर! दुपारी सगळ्यांनी उकडलेले बटाटे खाल्ले, आणि चटणी कुटायला बसला कोण? बान्शान. चटणीचीही वाहवा झाली.

काल शेवटचा धडा होता. उद्या तुम्ही नसलात तर तुमची मंडळी कुणाच्या हाती द्याल, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. बान्शान, बान्शान, पुन्हा बान्शान. शेवटी म्हणाल्या, "दोन चिठ्ठ्या किटबोकच्या नावाच्या." सगळ्यात आधी टाळ्या बान्शानने वाजवल्या. एक चिठ्ठी त्यानेच लिहिली होती. दुसरी कुणाची ते विचारू नका, अक्षर माझंच आहे.

बाहेर मी त्याला गाठलं. "माझं नाव का लिहिलंस?"

"अरे, आजाऱ्यापाशी रात्रभर बसायचं तर तूच बसतोस. मला झोप आवरत नाही," तो म्हणाला. एवढंच. मामा, पंधरा वर्षांत हे मला कोणी म्हणालं नव्हतं, आणि म्हणायला नेमका हाच भेटावा! त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला, तितका कधीच आला नव्हता. डोळे मात्र उगाच भरून आले.

सर्वांना सलाम.

तुमचा भाचा,
किटबोक

ता. क. तुम्ही निवड समितीचे चिटणीस आहात. गेल्या महिन्यात बान्शान तापट असल्याचं एक निनावी पत्र तुमच्याकडे आलं असेल. ते न वाचता चुलीत घाला. अक्षर ओळखू नका.

पुन्हा ता. क. जाळण्याआधी शेवटचा परिच्छेद तेवढा कापून ठेवा. त्या जागेला योग्य माणूस कोण, हे त्यात फार सुरेख लिहिलं गेलंय.