माझ्या नजरेतून काही सुटत नाही

सोमवार, ४ मार्च. सकाळी ८.५०
औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांची प्रुफं तपासणं, हे माझं काम. जोखमीचं. बावीस वर्षांत एकही चूक छापू दिलेली नाही. जोडीला असलेल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मालक म्हणाले, बदली माणूस देतो. नको म्हटलं. तो तपासणार आणि त्याचं मी पुन्हा तपासणार, म्हणजे दुप्पट काम. चौदा पत्रकं, शनिवारपर्यंत. सहज होतील.
संकल्प: प्रत्येक प्रूफ तीनदा वाचणे.

मंगळवार, ५ मार्च
तीनदा अपुरं वाटतं. पाचदा. शेवटचं वाचन उलटीकडून. डबा तसाच परत नेला. बायकोने डबा ओट्यावर आपटला. निसटला असेल हातातून.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ३
प्रिंटरने वैताग आणलाय. प्रुफांवर बारीक काळे ठिपके. प्रत्येकावर लाल रेघ, समासात 'काढा'. आज एकशे बारा काढले. मशीनवाला म्हणाला, "साहेब, ते काचेवरचे डाग आहेत, छपाईत येणारच नाहीत." याला दर्जा म्हणजे काय ते कोण समजावणार?

गुरुवार, ७ मार्च
घरच्या भिंतीवरही ठिपके आहेत. बायकोला दाखवले. "कुठे?" म्हणाली. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला असणार. लेकीने विचारलं, "बाबा, पेपर वाचताना लाल पेन कशाला?" पोरीचं निरीक्षण चांगलं आहे. माझ्यावर गेलीय.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ११.२०
झोप तीन तास. त्यातही पत्रकंच. मालक म्हणाले, डोळे लाल दिसतायत, बरं आहे ना? ठणठणीत, म्हटलं. डोकं इतकं साफ कधीच नव्हतं. 'ताप' हा शब्द मात्र चुकीचा वाटतोय. कोशात पाहिला, बरोबर. प्रुफावर पाहिला, पुन्हा चुकीचा. कोश जुना असावा.
दुपारी ४. चौदावं पत्रक संपलं. लहान मुलांचं तापाचं औषध. सात वाचनं केली. सातव्यात एक ठिपका सापडला, चक्क दोन आकड्यांच्या मध्ये लपलेला. लबाड. काढला. सही ठोकली.

शनिवार, ९ मार्च. सकाळी १०
मशीन बंद. मशीनवाल्याने आपणहून थांबवलं. तणतणत खाली गेलो. तो म्हणाला, "साहेब, माझी मुलगी सव्वा वर्षाची आहे. हेच औषध देतो तिला, अडीच मिली. इथे पंचवीस छापलंय."
म्हटलं, तू मशीन बघ, मजकूर मी बघतो.
तो जागचा हलला नाही. "पंचवीस मिली पाजलं तर पोराचं काय होईल, साहेब?"
त्याचं तोंड बंद करायला कंपनीची मूळ प्रत काढली. दोन. पाच. मध्ये ठिपका. कागद झटकला. नखाने खरवडला. भिंग लावलं. ठिपका तिथेच.
दशांशचिन्ह होतं.
प्रुफावर माझी लाल रेघ. समासात 'काढा'. खाली सही, अगदी सुबक.
जिन्यावर बसलो. मशीनवाल्याने पाणी दिलं. सहाशे प्रती निघाल्या होत्या, सगळ्या इथेच आहेत म्हणाला. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा त्याने गठ्ठा हळूच माझ्या हातून काढून घेतला. "बस झालं, साहेब. घरी जा."

सोमवार, ११ मार्च
मालकांनी सांगितलंय, पंधरा दिवस इकडे फिरकायचं नाही. बदली माणूस आजपासून आलाय. उरलेली तेरा पत्रकं तो पुन्हा तपासतोय. त्याचं कुठे अडलं तर, म्हणून सकाळीच फोन केला. अडलं नव्हतं.
संध्याकाळी त्याने स्वतः फोन केला. अदबीने बोलला. तेरा पत्रकांत आणखी दोन चुका निघाल्या. दोन्ही माझ्या लाल पेनाच्या.
मूळ मजकुरात एकही नव्हती.