खिडकीत वहिनी बसते

दि. ४ फेब्रुवारी

ती. आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

तू गेल्यापासून मला झोप नाही. सगळ्यांना वाटतं बाळ रडतं म्हणून. बाळ बिचारं शहाण्यासारखं झोपतंय, जागी मीच. महिनाभर तू माझ्या बाळंतपणाला राहिलीस, मला कपसुद्धा विसळू दिला नाहीस, आणि निघताना पिशवी खांद्याला लावून, दारात उभी राहून सांगितलंस की तुलाही पाचवा लागलाय. म्हणजे मी पाय पसरून बसले होते आणि पोटुशी बाई माझी दुपटी धूत होती. मला वाटलं तू नुसती जाड झालीस. हे तर म्हणाले होते, सासूबाईंना आपल्याकडचं पाणी मानवलं.

वर आम्हा दोघांना बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला लावलंस, की दादा-वहिनीला आमच्याकडून कळणार नाही. आई, असं कोण करतं गं?

फोनवर तुझ्याशी भांडायची सोय नाही. कारखान्यात मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले. फोन घेतलास की बरं आहे, ठेव, एवढंच ओरडतेस. म्हणून कागद घेतला. अक्षर माझं कोंबडीचे पाय, बाबांना सावकाश वाचून दाखवायला सांग.

मी घाबरलेय. मी बावीसची, धडधाकट, तरी माझं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई धावत आल्या, दुसऱ्याचं रक्त चढवलं, म्हणून आज हे लिहितेय. तू चव्वेचाळीसची. आणि तुझं आपलं एकच, सुईणमावशीकडून घरातच करणार. मावशीनं दादाला नि मला सुखरूप काढलं, मान्य. पण तेव्हा तिला दिसत होतं. आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारते, आणि चहा घेताना तिची कपबशी वाजत असते. बाबांना हे वाचताना हसू नका म्हणावं.

हॉस्पिटलात नाव घाल. माया आहेच, ती कुठं जात नाही, पण आधी नाव घाल.

तुझी,
धाकटी

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस आईचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा.

पत्र पोचलं. बाबांना गोदामात दिवसपाळी लागलीय, रात्री येतात ते जेवून आडवे. म्हणून तुझं पत्र मावशीनंच वाचून दाखवलं, आणि हे मी सांगतेय तसं तीच लिहितेय. कपबशीचं तिनं दोनदा वाचलं.

मी खुशाल आहे. भूक लागते. बाबांना विचारलं काय करायचं, तर म्हणाले, तुम्ही बायका ठरवा. सुरुवात करताना मात्र असं म्हणाले नव्हते.

हॉस्पिटलात नाव घाल म्हणतेस. तिथं केसपेपरच्या खिडकीत कोण बसतं ते तुला माहीत आहे. नाव सांगा, वय सांगा, कितवा महिना, हे मला माझी सून विचारणार. दोनदा त्या पोरीची कूस रिकामी झाली. दुसऱ्या वेळी मी तिच्या उशाशी होते. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, आता तुमच्या घरात पाळणा माझ्याकडून हलेल असं वाटत नाही. आणि मी तिच्यापुढं हे पोट घेऊन उभी राहू? मला नाही जमायचं. दुसरं हॉस्पिटल पाच तास लांब, तिथं माझं कोण आहे?

दादा रविवारी येतो म्हणाला. बाबांना त्याला सांगायला लावलं की घराला रंग चाललाय, येऊ नको. तर म्हणाला, रंगाला मदतीला येतो. मग सांगावं लागलं की बाबांना खरूज झालीय, लागेल तुला. आता यायचं नाव काढत नाही.

तू तुझं दूध सांभाळ, माझी काळजी करू नको. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई

यापुढचं माझं, मावशीचं. माझे हात चहाच्या वेळी थरथरतात. पोर हातात आलं की थांबतात. तुझ्या वेळी तू उलटी आली होतीस, तेव्हा कोणी कपबशी मोजत नव्हतं.

दि. २० फेब्रुवारी

ती. आईस आणि सौ. मावशीस, दोघींना नमस्कार.

मावशी, माझं चुकलं. तुम्ही वाचणार हे मला माहीत असतं तर मी तेच लिहिलं असतं, पण जरा गोड करून.

आई, खरूज? तुला दुसरा आजार सुचला नाही? दादाचा मला फोन आला होता. बाबांना कुठं कुठं झालीय विचारत होता. मी काय सांगणार, अंगभर म्हणाले. आता तो मलम पाठवतोय. बाबांना ते लावून बसायला लाव म्हणजे तरी त्यांचा काही उपयोग होईल.

वहिनीचं मला कळतं. मला पोर झालं तेव्हा तिनं फोनवर पहिलं काय विचारलं असेल, तर दूध येतंय का. मग खिडकीवर रांग लागलीय म्हणून फोन ठेवला. रविवार होता. म्हणून तिला दुखेल हे मला नको सांगू. पण आई, तिला कधी ना कधी कळणारच. पोराला काय शाळेत जाईपर्यंत पलंगाखाली ठेवणार आहेस?

मी एक सुचवते. मावशींना बरोबर ने. डॉक्टरीणबाईंना त्यांचं काम करू दे, मावशींना तुझा हात धरून बसू दे. दोन माणसं असली म्हणजे एक कमी पडत नाही. मावशी, यात तुमचा कमीपणा नाही. तुम्ही मला उलटीची सुलटी केलीत, पण रक्ताची पिशवी तुमच्या घरी नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, पाय-तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर तासभरही थांबायचं नाही. तुझं तसं काही आहे का ते खरं कळव. तुझं बरं आहे म्हणजे मला आता भीतीच वाटते.

राग आला तर येऊ दे, माया कमी करू नको.

तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या उत्तराला उशीर झाला. बसलं की उठवत नाही. बाकी मी बरी आहे. माझ्या चपला पायात शिरत नाहीत म्हणून बाबांच्या घालते. बाबा माझ्या घालून गोदामात जातात, टाचा बाहेर लोंबतात, सगळे हसतात. डोकं दुखतं, ते या उन्हानं. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढं काजवे येतात, थोडं बसलं की जातात. दादाचं मलम आलं, मोठी ट्यूब आहे. मी ते पायाला चोळते, गार वाटतं.

तू सारखी फोन करून बाबांना भंडावतेस म्हणून फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

तुझी आई

मी मावशी. ही सांगते तसं लिहिलं. आता माझं ऐक. तिचा पाय दाबला की बोट रुततं आणि खळगा तसाच राहतो. काल मी तिला म्हणाले, मला हे झेपायचं नाही, चल डॉक्टरकडे. तर म्हणते, तू नाही म्हणालीस तर मी एकटीच करीन. माझ्या घरी तिनं माझ्या पोरांना सांभाळलंय गं, मी तिला सोडून जाऊ कशी? तुझ्यावर रागावले होते ते विसर. काय करू ते कळव.

दि. १४ मार्च

जे कोणी हे वाचतील त्यांना नमस्कार.

हे आईसाठी नाही, म्हणून आईला वाचून दाखवू नका. मावशी, तुम्ही असाल तर बरंच. बाबा असाल तर आधी आईच्या चपला काढा आणि मग वाचा. हे पत्र आजच पोचावं म्हणून ह्यांनी ओळखीच्या टेम्पोवाल्याकडं दिलंय. टेम्पोवाले भाऊ, घरात कोणी सापडलं नाही तर तुम्हीच उघडा.

सकाळी आईचं पत्र आलं तेव्हापासून बाबांच्या फोनवर रिंग देतेय. तो तांदळात वाजतोय, आई बहिरी, बाबा गोदामात. इतका वाजला की आता बंद लागतोय.

दादाला मी सांगू शकत नाही. ह्यांना म्हणाले तुम्ही सांगा, तर ह्यांचाही हात बाळाच्या डोक्यावर होता. शेवटी इथल्या शेजारणीला त्याला फोन करायला लावला, की तुमच्या आईला एकदा बघून या. आईला काय झालंय ते मी शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. दादानं तिला सांगितलं, बाबांना खरूज आहे, आईनंच येऊ नको म्हटलंय, मलम पाठवलंय. आणि ठेवला. आता आईला डोळ्यांनी बघितलेलं माणूसच लागेल, त्याशिवाय तो ऐकणार नाही.

शपथ मी घेतलीय, ह्यांनी घेतलीय. तुम्ही घेतलेली नाही. ही पळवाट आहे की लबाडी, मला कळत नाही, माझी शाळा कमी झालीय. लबाडी असेल तर ती माझ्या डोक्यावर पडू दे, बाळाच्या नको.

मावशी, आईचे काजवे उन्हाचे नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच आहे हे. आई म्हणेल, सुनेपुढं कशी उभी राहू. तिला उभं राहवत नाहीये, एवढं तिला सांगा. वहिनी रडेल. रडू दे. रडत रडत केसपेपर काढेल, आणि तिच्याइतका लवकर तिथं कोणी काढून देणार नाही, एवढं मी तिला ओळखते.

दादाची गाडी आली की तुम्ही आईशेजारी बसा, हात सोडू नका. बाबांनी एकदाचं काहीतरी ठरवावं आणि तिला उचलून बसवावं.

दादाचा नंबर पाकिटावर मागं लिहिलाय, मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी दिसेल. नीट बोलायच्या भानगडीत पडू नका. खरूज खोटी आहे, आईला सहावा आहे, पाय सुजलेत, वहिनीला खिडकीतून उठव आणि गाडी पाठव, एवढंच सांगा. तो म्हणेल मला आधी का नाही सांगितलं. त्याला म्हणावं आधी ये, मग ओरड, मी कुठं पळून जात नाही.

मायेचं नंतर बघू. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे, त्याचा नंबर माझ्याकडं नाही. हे पत्र पुन्हा वाचत बसू नका, हातातलं टाका आणि माझ्या दादाला फोन करा.

धाकटी