नौल्याकाठचा बांज

८ जानेवारी
बांज पडला! कालच्या बर्फाने नौल्यावरचं, गावच्या झऱ्यावरचं, ते म्हातारं ओकाचं झाड मुळासकट आडवं. त्याच्याच मुळांनी धरलेलं पाणी आख्खं गाव पितं. ईजा — माझी सासू — नवी नवरी म्हणून पहिली घागर त्याच्याखालीच भरायला गेली होती. आज घरातलं माणूस गेल्यासारखी बसून होती.

मी पडलेल्या फांद्यांतून बिया वेचल्या. पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, बुडल्या त्या शंभरेक. ओल्या शेवाळात गुंडाळून कोठीत ठेवल्यात. ह्याचंच लेकरू पुन्हा तिथे उभं करायचं. ईजासाठी.

२१ जानेवारी
कपाळ माझं! बिया छपरावर, मक्यासारख्या उन्हात! मी दिवसभर रानात गवताला, मला पत्ताच नाही. दहा दिवस ईजा वानरांना दगड मारत राखण करत होती. "ब्वारी," — सुनेला ती असंच हाक मारते — "ओलीत कुजून गेल्या असत्या गं. बघ, कशा खडखडीत वाळवल्यात!"

बांजाचं बी वाळलं की मेलं. तिला ते सांगितलं नाही, केवढी खूश होती ती!

२५ जानेवारी
"आई आजारी आहे" अशी थाप मारून माहेरी जाऊन आले. तिथल्या रानातल्या बिया झोळीत कोंबून आणल्या. दारातच ईजा — "माहेराहून आलीस आणि गोड सिंगल नाहीत? असं कधी झालंय?" रव्याच्या त्या तळलेल्या सिंगलांना झोळीत जागा कुठली! "आईला तळायला जमलं नाही," म्हटलं.

मेलेल्या गुपचूप पुरल्या. ह्या पेरल्या.

३ फेब्रुवारी
ईजा रोज लोटाभर पाणी घालते. वर बोलते त्यांच्याशी! "उठा रे आळशांनो."

१९ एप्रिल
उगवले! अकरा! ईजा गावभर सांगत सुटलीय, "आमच्या बांजाची पोरं!" आणि ही पोरं तर माझ्या माहेरच्या रानातली! सांगू? नकोच.

११ जुलै
आज नौल्यावर पहिलं रोप लावलं. माती दाबता दाबता ईजा म्हणाली, "तुझ्या आईला निरोप धाड, तिच्या रानातलं पोर नांदायला लागलं म्हणून."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"वेडे, सिंगल नाहीत आणि झोळी एवढी जड? मी वाळवलेल्या मेल्या, ते तेव्हाच कळलं मला." मग म्हणाली, "रडतेस काय? आपण दोघी तरी कुठे ह्या गावच्या? पाणी घाल."