सुनेचा चेरी घातलेला पाव

रविवार, जुलै २००६, रीडिंग (इंग्लंड)

आज जिभेनं घात केला. सून आन्या जर्मनीची, तिनं माहेरचं गोड केलं. शिळा पाव दुधात भिजवायचा, चेऱ्या घालून भाजायचा. बिया काढून काढून पोरीची बोटं लाल झालेली. मी मेली मुलाला मराठीत म्हणाले, "बघ, सासूला शिळं वाढते!" तिला एवढं मराठी कळतं, हे मला कुठं ठाऊक?

हळूच म्हणाली, "आई, तुमचा कुस्करा पण शिळ्या पोळीचाच ना?"

लाजेनं मान वर होईना. ती लाल बोटं बघवेनात. आणि चव? अगं बाई, काय सुरेख! चुकले म्हणायला जमेना, म्हणून ताटली पुढं केली, "अजून वाढ गं." तिला कळलं असेल ना?